कोण मोठा फलंदाज? – सरासरीच्या आकड्यामागचे गणित

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मनमाडला शालेय सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. अकरावी जागा एकच आणि दावेदार मुले दोन. मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणजे आकडेमोड मला चांगली जमत असणार, या समजुतीने गुणवही माझ्यापुढे ठेवण्यात आली. पहिल्या मुलाचे पाच डाव असे होते : १४ नाबाद, ९ नाबाद, १७ नाबाद, ११ नाबाद आणि ९. दुसऱ्याचे पाच डाव : ४१, ३, २८, ५२ आणि ६.

क्रिकेटमध्ये सरासरी काढताना एकूण धावांना डावांच्या संख्येने भागत नाहीत. फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. पहिल्या मुलाच्या धावा ६०, बाद एकदाच, म्हणून सरासरी ६०. दुसऱ्याच्या धावा १३०, बाद पाच वेळा, म्हणून सरासरी २६. मी बेधडक पहिल्याचे नाव लिहिले. दुसरा मुलगा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला कळला. दुप्पट धावा काढणारा तो, आणि सरासरी निम्म्याहून कमी! घरी आल्यावर मी शांतपणे विचार केला तेव्हा ध्यानात आले की चूक सरासरीची नव्हती, ती वाचणाऱ्याची होती.

विद्यार्थी मित्रांनो, ही चूक कोणती ते आज आपण पाहू.

प्रथम, ‘बाद’ने भागायचे कशासाठी? विजेचे दिवे किती तास टिकतात हे तपासण्याचा प्रयोग आपण करीत आहोत असे समजा. प्रयोग थांबवला तेव्हा काही दिवे अजून जळत होते. त्यांचे आयुष्य संपलेले नाही. म्हणून जळालेले सगळे तास मोजायचे, पण भागायचे ते गेलेल्या दिव्यांच्या संख्येने. नाबाद फलंदाज म्हणजे असाच न गेलेला दिवा होय. तेव्हा ही रीत योग्यच आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत आहे : प्रत्येक धावेगणिक बाद होण्याची शक्यता साधारण सारखीच असते. किरणोत्सारी अणूचेही असेच असते. तो किती काळ टिकला यावर पुढच्या क्षणी तो फुटण्याची शक्यता अवलंबून नसते. फलंदाजाच्या बाबतीत हे काटेकोरपणे खरे नाही. खेळपट्टीवर जम बसेपर्यंत तो लवकर बाद होतो. तरी ढोबळमानाने हे गृहीत बरेच चालते. इंग्लंडमधील जी. एच. वुड यांनी फलंदाजांच्या धावा भूमिती श्रेढीत कितपत बसतात याविषयी १९४५ साली निबंध लिहिला होता.

या गृहीताचा एक मोठा उपयोग आहे. अशा मोजमापात सरासरी जितकी मोठी, जवळजवळ तितकाच एकेका डावाचा चढउतारही मोठा असतो. म्हणून सरासरी ५० असलेला मोठा फलंदाजसुद्धा शून्यावर बाद होतो आणि दुसऱ्या दिवशी दीडशे काढतो. प्रयोगशाळेत आपण एकच वाचन घेऊन थांबत नाही; पुष्कळ वाचने घेतो. वाचने वाढली की अनिश्चितता त्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. तोच नियम येथे लावा :

अनिश्चितता = सरासरी ÷ √(बाद झालेल्या डावांची संख्या)

पहिला मुलगा एकदाच बाद झाला. त्याची सरासरी ६०, आणि अनिश्चितताही ६०! दुसऱ्याची २६ भागिले √५, म्हणजे सुमारे १२. याचा अर्थ, पहिल्याविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नव्हते. साठ हा आकडा फळ्यावर दिसायला भारदस्त होता, इतकेच.

आता मोठ्या मैदानावर जाऊ. १९८८ साली शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, हे तुम्ही ऐकले असेल. सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी हेच ते दोघे. कसोटी क्रिकेटमध्ये तेंडुलकर यांच्या १५,९२१ धावा, २९६ वेळा बाद, सरासरी ५३.७८. कांबळी यांच्या १,०८४ धावा, २० वेळा बाद, सरासरी ५४.२०. १९९३ साली कांबळी यांनी लागोपाठच्या दोन कसोट्यांत द्विशतके काढली होती; पण १९९५ नंतर ते कसोटी खेळले नाहीत.

मग कांबळी सरस का? सूत्र लावून पाहा. कांबळी : ५४.२० भागिले √२०, म्हणजे सुमारे १२. तेंडुलकर : ५३.७८ भागिले √२९६, म्हणजे सुमारे ३. कांबळी यांचा खरा दर्जा ४२ पासून ६६ पर्यंत कोठेही असू शकेल. तेंडुलकर यांचा साधारण ५१ ते ५७. कांबळी कमी दर्जाचे होते असे हे गणित म्हणत नाही. निर्णय देण्याइतका पुरावा हाती नाही, एवढेच ते म्हणते. हा फरक नीट समजून घ्या.

सुनील गावसकर यांच्या १०,१२२ धावा, १९८ वेळा बाद, सरासरी ५१.१२. अनिश्चितता सुमारे ३.६. तेंडुलकर आणि गावसकर यांच्यातील अंतर अवघे २.७. दोघांची अनिश्चितता एकत्र केली (वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे) तर ती ४.८ च्या आसपास येते. अंतराहून अनिश्चितता मोठी! तेव्हा केवळ सरासरीवरून या दोघांत वाद घालणे व्यर्थ आहे.

मग आकड्यांवरून काहीच ठरत नाही काय? ठरते. ब्रॅडमन यांच्या ६,९९६ धावा, ७० वेळा बाद, सरासरी ९९.९४. अनिश्चितता १२. तेंडुलकर यांच्यापासूनचे अंतर ४६, म्हणजे एकत्रित अनिश्चिततेच्या जवळजवळ चौपट. एवढा फरक निव्वळ योगायोगाने पडणे फार अवघड.

तरीही एक अट उरते : तुलना सारख्याची सारख्याशी हवी. विजय मर्चंट यांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१.६४, पण कसोटीतील ४७.७२. माणूस एकच, गोलंदाज, खेळपट्ट्या आणि देश निरनिराळे. म्हणून दोन काळांतील खेळाडूंची तुलना करताना प्रत्येकाची सरासरी त्याच्या काळातील इतर फलंदाजांच्या सरासरीशी ताडून पाहणे अधिक न्याय्य असते.

शिवाय काही गोष्टी आकड्यांत उतरतच नाहीत. डिसेंबर १९४३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत झाली. हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल ‘रेस्ट’ संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या सांगलीच्या विजय हजारे यांच्या, म्हणजे शंभरात ऐंशी. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह झालेल्या ३०० धावांच्या भागीदारीत विवेक यांचा वाटा फक्त २१. सरासरीच्या दृष्टीने २१ म्हणजे क्षुल्लक. पण तो टोक धरून उभा राहिला नसता तर ३०९ झाले असते का?

अमेरिकन फुटबॉलमध्येही हाच पेच आहे. तेथे ‘क्वार्टरबॅक’ नावाचा खेळाडू चेंडू कोणाकडे फेकायचा ते ठरवतो. त्याच्या तुलनेसाठी १९७३ पासून एक सूत्र वापरतात : किती फेकी झेलल्या गेल्या, प्रत्येक फेकीमागे किती अंतर मिळाले, किती फेकींवर गुण झाले आणि किती प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेल्या, ही चार प्रमाणे एकत्र करतात. जास्तीत जास्त गुण १५८.३. पण चेंडू झेलणाऱ्याचे आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या साथीदारांचे श्रेय त्याच आकड्यात मिसळते. कोणत्या प्रमाणाला किती वजन द्यायचे हेही माणसेच ठरवतात, निसर्ग नव्हे.

आता एक प्रयोग करा. फासा टाका. सहा पडला की ‘बाद’. त्यापूर्वी जितक्या वेळा टाकला तितक्या धावा. तुम्ही पाच डाव खेळा, शेजारच्या मित्रालाही त्याच फाशाने पाच खेळू द्या. खरी सरासरी दोघांचीही ५, कारण फासा एकच. तरी एकाची ३ आणि दुसऱ्याची ८ आली तर नवल मानू नका. मग प्रत्येकी पन्नास डाव खेळा आणि दोन्ही सरासरी कशा जवळ येतात ते वहीत नोंदवा. शिक्षकांनी साऱ्या वर्गाचे आकडे फळ्यावर मांडले तर आलेखही सुरेख निघेल.

त्या दुसऱ्या मुलाला मी हा फाशाचा प्रयोग दाखवला, आणि निवड घाईने झाली हेही कबूल केले. पुढच्या वर्षी संघ निवडताना मी सरासरीच्या शेजारी ‘किती वेळा बाद’ हा रकाना आखून घेतला. कोणी कुणाला आकड्यावरून मोठा किंवा लहान ठरवू लागला, तर तुम्हीही आधी एवढेच विचारा : हा आकडा किती वाचनांचा?