दगडावरचं हजेरीपुस्तक

शाळेला दांडी मारली, की दुसऱ्या दिवशी बाईंना कारण सांगावं लागतं. 'ताप आला होता', 'मामाचं लग्न होतं'... हो ना? आता हे कारण ऐका : 'विंचू चावला!' सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधला एक कामगार कामावर आला नाही, त्याचं हे कारण बरं का!

इजिप्त म्हटलं, की तुम्हांला पिरॅमिड आणि ममी आठवतात. पण दोस्तांनो, आज आपण राजेरजवाड्यांकडे नाही, तर त्यांची थडगी खोदणाऱ्यांच्या गावाला जाऊ या.

नाईल नदीच्या पश्चिमेला, लक्सर शहरासमोरच्या डोंगरांत या गावाचे अवशेष आहेत. नाव देर एल-मदिना. भिंतीला भिंत लागून असलेली सत्तरएक घरं. गावात पाणी नाही, तेही गाढवांवरून यायचं. इथे पाथरवट, चितारी आणि लेखनिक राहत. पिरॅमिडांचा काळ तेव्हा केव्हाच मागे पडला होता. आता राजांची थडगी डोंगर पोखरून खोदली जात, तीही 'राजांच्या दरी'त. ते काम या मंडळींचं. आठ दिवस काम, दोन दिवस सुट्टी!

पपायरसचा कागद महाग. म्हणून हिशेब, चिठ्ठ्या, मुलांचा अक्षरांचा सराव, सारं काही खापरांवर आणि चुनखडीच्या तुकड्यांवर चाले. असे हजारो तुकडे इथे सापडले. त्यांतलाच एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो म्हणजे चक्क हजेरीपुस्तक! दुसऱ्या रामेसिस राजाच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षातलं. त्यावर ४० कामगारांची नावं, पुढे गैरहजेरीच्या तारखा आणि लाल शाईनं लिहिलेली कारणं आहेत. कुणाचे डोळे दुखत होते, कुणी घरी बिअर बनवत होता, तर कुणी आपल्या आईच्या मृतदेहाला पट्ट्या गुंडाळत होता.

तेव्हा नाणी नव्हती. पगार मिळे तो धान्यात. भाकरीसाठी गहू, बिअरसाठी सातू. पण तिसऱ्या रामेसिसच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, हे धान्य वेळेवर येईना. घरात पोरंबाळं उपाशी! मग कामगारांनी काय केलं? काम थांबवलं, पहारे ओलांडले आणि थेट देवळापाशी जाऊन बसले. आमची उपासमार होतेय, अंगावर कपडे नाहीत, हे राजाला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना बजावलं. राजाला देव मानणाऱ्या देशात हे धाडस साधंसुधं नव्हतं! अखेर थकलेलं धान्य मिळालं. पण पुढेही ते थकतच राहिलं आणि कामगार पुन्हापुन्हा बाहेर पडले.

लेखी नोंद असलेला हा जगातला सर्वांत जुना संप. ती नोंद इटलीतल्या तुरीन शहराच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे.

तर मित्रांनो, कधी एखाद्या संग्रहालयात गेलात, तर सोन्याचे मुखवटे जरूर बघा. पण कोपऱ्यातल्या फुटक्या खापरापाशीही थोडं थांबा. कुणी सांगावं, त्यावर कुणाची तरी भूक लिहिलेली असेल!