पाळण्यातले पाय, उन्हातले केस

शाळा सुरू व्हायच्या आधी पंधरा दिवस घाटकोपर किंवा मुलुंड स्टेशनच्या बाहेर पडलात की हातात तीन-चार पत्रकं येतात. एकात अबॅकसने मुलाची बुद्धी वाढवून देण्याची हमी असते, दुसऱ्यात दहा बोटांच्या ठशांवरून करिअर सांगण्याची, तिसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याची. हुशारी, प्रतिभा आणि शहाणपण या तिन्ही गोष्टी एकाच दुकानात, एकाच भावात मिळतात असा एकूण सूर.

आपली भाषा मात्र या तिन्हींत पूर्वीपासून फरक करत आली आहे. ‘दीडशहाणा’ ही मराठीत शिवी आहे, पण ‘दीडहुशार’ असं कुणी कुणाला म्हणत नाही. हुशारी जास्त झाली तरी चालते, शहाणपणाचं माप मात्र चुकलं की लोक हसतात. तरीही या विषयावरचे बरेचसे गैरसमज आपण म्हणींतूनच उचललेले असतात. म्हणींतले आणि म्हणींबाहेरचे मिळून सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात

वस्तुस्थिती : कधी दिसतात, बऱ्याचदा नाही, आणि दिसले तरी ते कुठे चालले आहेत हे कळत नाही.

बोरिवलीतलंच उदाहरण घ्या. आईवडील डोंबिवलीला, मुलगा बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे. १९९९ साली काकांच्या पैशांतून तो क्रिकेटच्या शिबिरात गेला. तिथे प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला, पण ऑफस्पिनर म्हणून. लाड यांनी त्याला बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यायला सांगितलं. फी परवडणारी नव्हती, म्हणून शिष्यवृत्ती मिळवून दिली, आणि चार वर्षं त्या मुलाला एक पैसाही भरावा लागला नाही. त्याच्या फलंदाजीकडे लाड यांचं लक्ष गेलं ते नंतर. मग आठव्या क्रमांकावरून उचलून त्यांनी त्याला थेट सलामीला पाठवलं, आणि सलामीवीर म्हणून पहिल्याच शालेय सामन्यात त्याने शतक ठोकलं. हा मुलगा म्हणजे रोहित शर्मा.

इथे ‘बघा, दिसलेच ना पाय!’ असं म्हणायचा मोह होतो. पण पुढचं पाहा. २०११च्या विश्वचषक संघात त्याला जागा नव्हती. एकदिवसीय सामन्यांत तो सलामीला स्थिरावला २०१३ साली, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षातच ईडन गार्डन्सवर २६४ धावांची विक्रमी खेळी केली. कसोटीत सलामीची संधी मिळायला ऑक्टोबर २०१९ उजाडला. विशाखापट्टणमच्या त्या सामन्यात त्याने १७६ आणि १२७ धावा केल्या, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. ज्या मुलाला खुद्द प्रशिक्षकाने आधी गोलंदाज म्हणून निवडलं होतं, त्याचे पाय नीट दिसायला पाळण्यापासून तीन दशकं लागली.

मोठ्या प्रमाणावरही हेच आढळलं आहे. अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली बुद्धिमापन करून दीड हजाराहून जास्त ‘असामान्य’ मुलं निवडली आणि त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याची व्यवस्था केली. त्यातली बरीच जणं चांगली शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली. पण त्याच चाचणीत गुण कमी पडले म्हणून विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ ही दोन मुलं निवडीतून गळली होती. मोठेपणी दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पहिल्याला १९५६ साली आणि दुसऱ्याला १९६८ साली.

गैरसमज २ : खाण तशी माती

वस्तुस्थिती : आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. पण तो वाटा किती प्रकट होईल हे परिस्थिती ठरवते. उंचीचंही असंच आहे. आईबाप उंच असले तरी मुलाला लहानपणी पोटभर मिळालं नाही, तर त्याची उंची खुंटते.

याचा मुंबईतला पुरावा मानखुर्दला मिळतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. मुंबई महापालिकेच्या शाळांमधल्या, अनुसूचित जातींतल्या मुलांची गुणवत्ता शोधून ती फुलवण्याचा एक प्रकल्प या केंद्राने १९८०च्या दशकात राबवला. व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांचं त्यावरचं काम प्रसिद्ध आहे. ही मुलं गरीब घरांतली. पुष्कळांच्या घरात आधीची पिढी शाळेत फार पुढे गेलेली नव्हती. म्हणीच्या हिशेबाने ‘माती’ कशी निघायची ते ठरलेलंच होतं.

केंद्रातल्या मंडळींना आढळलं ते वेगळंच. मुलं विज्ञानात अडत नव्हती, विज्ञानाच्या पुस्तकातल्या भाषेत अडत होती. पाठ्यपुस्तकातलं संस्कृतप्रचुर मराठी आणि वस्तीत बोललं जाणारं मराठी यांत इतकं अंतर होतं, की प्रश्न काय विचारलाय हेच मुलाला कळत नव्हतं. तीच गोष्ट साध्या शब्दांत मांडली, हाताने प्रयोग करू दिले, शिक्षकांनाही बरोबर घेतलं, तेव्हा त्या मुलांची शालान्त परीक्षेतली कामगिरी आधीच्या तुलनेत ठळकपणे सुधारली. बुद्धी कमी म्हणून जी मुलं मागच्या बाकावर गेली होती, त्यांची अडचण बुद्धीची नव्हतीच. खाण तीच होती, फक्त तिथे खणलं गेलं नव्हतं.

गैरसमज ३ : आयक्यू म्हणजे बुद्धीचं वजन

वस्तुस्थिती : बुद्धिमापन चाचणी जन्माला आली ती मोठेपणा मोजण्यासाठी नव्हे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी ती तयार केली, कारण शाळेत मागे पडणाऱ्या कुठल्या मुलांना जादा मदत लागेल हे हुडकायचं होतं. हा आकडा मुलाला जन्मभर चिकटवला जाऊ नये, असं खुद्द बिनेचं मत होतं.

आपल्याकडे ही चाचणी आणणाऱ्यांत डॉ. व्ही. व्ही. कामत हे मोठं नाव. धारवाड भागातल्या मुलांसाठी त्यांनी ती मराठी आणि कानडीत बसवली. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. ‘बिने-कामत’ हे नाव आजही मानसशास्त्रज्ञांच्या दवाखान्यात ऐकू येतं, आणि तिथे तिचा उपयोग बहुतेक वेळा मूळ हेतूलाच धरून असतो. मूल कुठे अडतंय ते पाहायचं आणि त्याप्रमाणे मदत ठरवायची.

हा आकडा वजनासारखा पक्का असता, तर पिढ्यांमागून पिढ्या तो साधारण तेवढाच राहिला असता. प्रत्यक्षात विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेले. जेम्स फ्लिन या अभ्यासकाच्या नावाने हा बदल ओळखला जातो. दोन पिढ्यांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. शाळा, आहार आणि कोड्यांची सवय बदलते. नातवाला जास्त गुण पडले म्हणून आजोबा मंद ठरत नाहीत. घड्याळ न बघता कुठली लोकल कुठे रिकामी होते हे ओळखणाऱ्या आजोबांची परीक्षा कुणी घेतली नाही, इतकंच.

गैरसमज ४ : दहा हजार तास घासलं की कुणीही सचिन होतो

वस्तुस्थिती : हा आकडा माल्कम ग्लॅडवेल यांच्या २००८ सालच्या पुस्तकाने घरोघरी नेला. त्याच्या मुळाशी अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा १९९३ सालचा बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास आहे. सर्वोत्तम गटातल्या वादकांचा विसाव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास भरला. ती सरासरी होती, म्हणजे काहींचा रियाज त्याहून बराच कमी होता. हा काही कायदा नाही, असं एरिक्सन यांनीच पुढे स्पष्ट केलं.

२०१४ साली ८८ अभ्यास एकत्र करून तपासले गेले, तेव्हा माणसामाणसांच्या कामगिरीतल्या फरकाचा सरावामुळे उलगडणारा भाग असा निघाला : बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के, संगीतात २१, मैदानी खेळांत १८ आणि शिक्षणात अवघे ४ टक्के. म्हणजे सराव हवाच, पण सरावाने सगळं होत नाही. शिवाय चूक दाखवणारं कुणी नसेल, तर हजार चेंडू खेळून तीच चूक हजार वेळा पक्की होते.

आपल्या काव्यशास्त्राने हे फार पूर्वी नेमकं सांगून ठेवलं आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त कवित्वाच्या मुळाशी तीन गोष्टी मानल्या : उपजत शक्ती, जग आणि शास्त्रं पाहून आलेली निपुणता, आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. गंमत अशी की तीन गोष्टी मोजूनही त्याने ‘हेतु’ म्हणजे कारण हा शब्द एकवचनी वापरला. तिन्ही मिळून एकच कारण. यातलं एक काढून बाकीच्या दोनांवर भागवता येत नाही. लाड यांनी बोरिवलीत केलं ते वेगळं काय होतं? मुलाची शक्ती त्यांनी ओळखली, स्पर्धेत उतरवून निपुणता आणली आणि अभ्यासासाठी शाळा मिळवून दिली. पालघरच्या शार्दुल ठाकूरला तर त्यांनी स्वतःच्या घरीच ठेवून घेतलं.

गैरसमज ५ : बंद असलेला मेंदू ‘चालू’ करता येतो

वस्तुस्थिती : पट्टी बांधून वाचायला शिकवणारे जो ‘मिडब्रेन’ चालू करून देतो म्हणतात, तो म्हणजे मध्यमेंदू, जेमतेम दोनेक सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांच्या हालचाली, प्रकाशाला बाहुलीने दिलेला प्रतिसाद असली कामं त्याच्याकडे असतात. मुलाच्या डोळ्यावर टॉर्च मारला की बाहुली आकसते ना? मग तो भाग जन्मापासून चालूच आहे. पट्टी बांधून वाचणारी मुलं वाचतात ती नाकाशेजारच्या फटीतून. खात्री करून घ्यायची असेल, तर पुस्तक मुलाच्या डोक्यामागे धरा किंवा हनुवटीखाली वर्तमानपत्र आडवं लावा. वाचन तिथल्या तिथे थांबतं. यात सगळ्यात वाईट काय, तर मोठ्यांना खूश करण्यासाठी मूल खोटं बोलायला शिकतं.

बोटांच्या ठशांच्या रेषा गर्भातच, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जातात. त्यांचा करिअरशी संबंध असल्याचा शास्त्रीय पुरावा नाही. ठशांच्या जागी जन्मपत्रिका ठेवली तरी अहवाल तितकाच पटेल, कारण ‘तुमचं मूल संवेदनशील आहे, त्याला प्रोत्साहन हवं’ हे वाक्य कुठल्याही मुलाला लागू पडतं.

अबॅकसची गोष्ट जरा वेगळी. त्याने तोंडी हिशेब खरोखर जलद होतो, पण तो हिशेबच जलद होतो. शकुंतलादेवींनी १९८० साली लंडनमध्ये दोन तेरा-आकडी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत करून दाखवला. नंतर आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली, तेव्हा साध्या प्रतिसादाच्या कसोट्यांवर त्यांचा वेग चारचौघांसारखाच निघाला. आकड्यांशी आयुष्यभर खेळून कमावलेलं ते कसब होतं. सगळ्या कुलुपांना लागणारी किल्ली त्यांच्याकडेही नव्हती.

गैरसमज ६ : माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत

वस्तुस्थिती : वयाबरोबर अनुभव वाढतो. शहाणपण वाढेलच असं नाही. बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांनी लोकांसमोर आयुष्यातले पेच ठेवून त्यांच्या उत्तरांतलं शहाणपण जोखलं. पौगंडावस्थेपासून पंचविशीपर्यंत ते वाढताना दिसलं, पण त्यानंतर वय आणि शहाणपण यांचा फारसा संबंध उरला नाही.

जवळून पाहायचं असेल, तर डोंबिवलीत वाढलेल्या आणि पुढे मुलुंडला राहिलेल्या अजिंक्य रहाणेकडे पाहा. १९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला. विराट कोहली घरी परतला आणि कप्तानी बत्तीस वर्षांच्या रहाणेकडे आली. मेलबर्नला ११२ धावांवर असताना जडेजाच्या धावेसाठी पळताना तो धावबाद झाला. शतकवीर कप्तान अशा वेळी काय करतो? रहाणे जडेजाजवळ गेला, त्याला थोपटलं आणि शांतपणे तंबूत परतला. भारत तो सामना जिंकला आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला मालिकाही. मुंबईत स्वागताला लोकांनी कांगारू असलेला केक आणला होता. तो कापायला त्याने नकार दिला. कांगारू त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, प्रतिस्पर्ध्याचा मान राखायला हवा, असं त्याचं म्हणणं. फलंदाजीच्या प्रतिभेत त्याच्या पुढे असणारे त्याच्याच संघात होते. हा गुण वेगळ्या खात्यातला.

शहाणपणाची आणखी एक खोड आहे. इगोर ग्रॉसमन या संशोधकाला प्रयोगांत असं आढळलं, की दुसऱ्याच्या पेचावर माणसं जितका समंजस विचार करतात, तितका स्वतःच्या पेचावर करत नाहीत. आपण याला ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ म्हणतो. सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगला गेलेल्या कुणालाही हा प्रयोग नव्याने करायची गरज नाही. पण त्याच प्रयोगांत उपायही सापडला. स्वतःचाच प्रश्न ‘हा दुसऱ्या कुणाचा असता तर?’ अशा अंतरावरून पाहिला, की तो फरक मिटतो. यासाठी वय लागत नाही, दोन पावलं मागे सरकावं लागतं.

तेव्हा ‘माझं मूल प्रतिभावान आहे का?’ हा प्रश्न काही वर्षं बाजूला ठेवायला हरकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी विचारा. त्याला कशात रमायला होतं? त्याची चूक प्रेमाने दाखवणारं कुणी आहे का? आणि ते कुठल्या शब्दापाशी अडलंय? तिसरा प्रश्न आपल्या मुलापुरता ठेवू नका. तुमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी आठवीत असेल, तर रविवारी तासभर तिचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन तिच्याबरोबर बसा आणि त्यातला एक धडा साध्या मराठीत सांगा.