मॉरिशसमध्ये फिरताना: बस, मेट्रो आणि भाड्याची गाडी

मॉरिशस बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. नकाशा पाहून वाटतं, दोन दिवसांत सगळं पालथं घालू. पण इथले बसमार्ग आखले गेले ते कामावर आणि शाळेत जाणाऱ्यांसाठी, किनाऱ्यावर उतरलेल्या पाहुण्यांसाठी नव्हे. हे ध्यानात ठेवून बेत केला, तर हॉटेलने ठरवून दिलेल्या टॅक्सीवर विसंबावं लागत नाही.

बस: पोर्ट लुईला या आणि बदला

बहुतेक मार्ग राजधानी पोर्ट लुईला किंवा मधल्या पठारावरच्या गावांना येऊन मिळतात. उत्तरेच्या ग्रां बेहून पश्चिमेच्या फ्लिक-आं-फ्लाकला जायचं, तर आधी पोर्ट लुई गाठायचं. उत्तरेकडच्या बस इमिग्रेशन स्क्वेअरला लागतात, दक्षिण-पश्चिमेच्या व्हिक्टोरिया स्थानकातून सुटतात. दोन्हींमधलं अंतर चालत जाण्याजोगं आहे.

या अदलाबदलीत अर्धा तास मोकळा ठेवाच. इमिग्रेशन स्क्वेअरला लागूनच आप्रवासी घाट आहे. गिरमिटिया मजुरांना बेटावर उतरवून घेण्याची ही जागा 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. कोकणातून गेलेली मराठी माणसंही याच वाटेने आत आली. मराठी प्रवाशाने तरी हा घाट टाळू नये.

तिकीट बसमध्येच वाहक देतो. मॉरिशस रुपयांची सुटी नाणी जवळ हवीत आणि तिकीट उतरेपर्यंत जपायला हवं, कारण तपासनीस मध्येच चढतात. 2005 पासून विद्यार्थी आणि वृद्धांना बसप्रवास मोफत आहे. म्हणून शाळा सुटायच्या वेळी गाड्या खच्चून भरतात. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परतीची वेळ. खेडेगावांकडच्या बस संध्याकाळी लवकरच बंद होतात. निघण्याआधीच शेवटची गाडी कधीची, ते वाहकाला विचारून घ्या.

मेट्रो

बेटावरची प्रवासी रेल्वे 1956 मध्ये बंद झाली. रुळांवरची वाहतूक पुन्हा सुरू झाली ती जानेवारी 2020 मध्ये, लार्सन अँड टुब्रोने भारत सरकारच्या अर्थसाहाय्यातून उभारलेल्या मेट्रो एक्स्प्रेसने. आधी पोर्ट लुई ते रोझ हिल, मग ऑक्टोबर 2022 मध्ये क्युरपीपपर्यंत. हा मार्ग बराचसा जुन्या रेल्वेच्याच जागेवरून जातो, त्यामुळे गावांच्या ऐन मध्यातून जातो.

माझं मत विचाराल तर मुक्काम समुद्रकाठी न करता याच मार्गावर, रोझ हिल किंवा कात्र बोर्नला करावा. लोक जिथे राहतात, भाजी घेतात, तो मॉरिशस इथेच भेटतो. कात्र बोर्नचा गुरुवार-रविवारचा कापडबाजार तर आवर्जून पाहावा.

टॅक्सी

मीटरची अपेक्षा ठेवू नका. भाडं बसण्याआधी ठरवा. त्यात परतीचा प्रवास आणि थांबण्याचा वेळ धरला आहे का, तेही स्पष्ट विचारा.

स्वतः गाडी चालवायची असेल तर

शामारेल, ले मॉर्न, ब्लॅक रिव्हरच्या दऱ्या या भागासाठी मात्र भाड्याची गाडी घ्यावी. तिकडे बस विरळ आहेत. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. आपल्या परवान्याबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवानाही न्यावा.

विमानतळाकडून राजधानीकडे आणि पुढे उत्तरेला जाणारा महामार्ग उत्तम आहे. गावांतले रस्ते मात्र अरुंद, पदपथ नसलेले आणि दोन्ही बाजूंनी उसाने झाकलेले. जूनच्या सुमारास तोड सुरू झाली की उसाचे ट्रक त्याच रस्त्यांवर येतात. अंधार पडल्यावर पादचारी दिसतच नाहीत, तेव्हा सूर्यास्ताआधी मुक्कामी पोहोचावं.

महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस ग्रां बासँच्या गंगा तलावाकडे बेटभरातून भाविक कावडी घेऊन पायी निघतात. त्या दिवसांत दक्षिणेकडचा मोटारीचा बेत रद्द करावा आणि शक्य असेल तर त्यांच्याबरोबर चालावं.