मुसीची नाडी

१९७० च्या दशकात आम्ही उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना, दोन वॉर्डांमधला मोकळा वेळ रुग्णालयाच्या आवारातील एका जुन्या चिंचेखाली घालवीत असू. पलीकडे मुसी वाहत असे. खरे तर उन्हाळ्यात ती वाहतच नसे. खडकांमधून पाण्याची एखादी रेघ दिसे, तेवढीच. २८ सप्टेंबर १९०८ रोजी याच नदीने हैदराबादेतील सुमारे पंधरा हजार माणसे नेली आणि याच चिंचेला धरून सुमारे दीडशे जण वाचले, ही हकिकत आम्हाला ठाऊक होती. परंतु परीक्षेला न येणाऱ्या गोष्टींकडे विद्यार्थी जितके लक्ष देतात, तितकेच आम्ही तिच्याकडे दिले.

माझे आजोबा त्या महापुराच्या वेळी नऊ वर्षांचे होते. पुराची आठवण निघाली की ते एकच वाक्य म्हणत: "नदी आली नव्हती रे, तळी फुटून आली होती." या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

पुरानंतर, १९०९ मध्ये, निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. सामान्य माणसाने काठावर उंच भिंती बांधा म्हणून सांगितले असते. विश्वेश्वरय्यांनी मात्र आधी रोग्याचा पूर्ववृत्तांत घेतला. शहराच्या वरच्या अंगाला मुसीच्या पाणलोट क्षेत्रात ७८८ तळी असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे सरासरी दर चौरस मैलाला एक तळे. अतिवृष्टीत त्यांपैकी दोनशेहून अधिक फुटली होती. एक फुटले की त्याचा लोंढा खालच्यावर आदळे, आणि अशा अनेक लोंढ्यांचे पाणी एकवटून शहरावर आले. आजोबांचे निदान आणि अभियंत्याचे निदान एकच होते. उपचारही त्यानुसारच ठरला: पूर शहरात पोचण्यापूर्वी वरच अडवायचा. अली नवाज जंग यांच्यासारख्या अभियंत्यांच्या हातून मुसीवर उस्मानसागर (१९२०) आणि तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पूर आटोक्यात आला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. एका औषधाने दोन व्याधी बऱ्या झाल्याचे असे उदाहरण आमच्या शास्त्रातही विरळाच.

त्यानंतर मात्र आपण रोग्याला विसरलो. शहर वाढले तशी दोन तलावांची तहान पुरेना. मंजिरा, मग कृष्णा, मग गोदावरी अशा दूरदूरच्या नद्यांचे पाणी नळांतून घरोघरी आले. वापरलेले पाणी मात्र उताराने मुसीकडेच गेले. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडली. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी, उन्हाळ्यात आटणारी ही नदी शहराखाली बारमाही झाली. दुसऱ्या नद्यांचे उष्टे पाणी आज तिच्या पात्रातून वाहते.

त्या पाण्यावर खालच्या गावांत भात पिकतो, भाजीपाला पिकतो आणि पॅरा गवताची हिरवीगार शेते डोलतात. ते गवत शहराच्या म्हशी खातात आणि त्यांचे दूध शहर पिते. मुसीकाठच्या या शेतांत राबणाऱ्यांमध्ये अंकुशकृमींचा प्रादुर्भाव अधिक असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. आपण पात्रात सोडलेले अनवाणी शेतकऱ्याच्या तळपायातून शिरते आणि रक्तक्षय होऊन प्रकट होते. तरीही ते पाणी नसते तर त्याची उपजीविका नसती. नदी स्वच्छ करण्याच्या कोणत्याही योजनेत त्याच्या शेतालाही पाणी मिळत राहील, हे पाहावेच लागेल.

आता आपल्या व्यवसायाच्या नाजूक भागाकडे वळतो. हैदराबाद ही औषधनिर्मितीची मोठी नगरी आहे आणि तिचा आपल्याला अभिमान आहे. २००७ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी पाटणचेरू येथील, सुमारे नव्वद औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या एका सामायिक प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले. प्रक्रिया झालेल्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले! औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तात जितके असते, त्याहून कितीतरी अधिक. ते पाणी मंजिरेच्या खोऱ्यातील ओढ्यांत जात होते. पुढे नळ टाकून ते शहराच्या अंबरपेठ येथील मैलापाणी केंद्राकडे, म्हणजे अखेर मुसीच्या वाटेवर, वळविण्यात आले. रोग एका नदीतून उचलून दुसरीच्या दारात ठेवणे, याला उपचार म्हणता येत नाही. शिवाय मैलापाण्यातले असंख्य जिवाणू आणि प्रतिजैविकांचे अंश एकत्र आले की प्रतिरोधाचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाण्यास मोकळे रान मिळते.

काही वर्षांपूर्वी तिशीतील एक विवाहिता मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी माझ्याकडे आली. कल्चरच्या अहवालात एका औषधापुढे दुसऱ्या औषधापुढे 'प्रतिरोधक' हाच शब्द. अखेर तिला शिरेवाटे औषध देण्यासाठी दाखल करावे लागले. एका अहवालावरून नदीवर दोषारोप करणे शास्त्राला धरून नाही, हे मी जाणतो. परंतु त्या रात्री मला १९९० च्या दशकातील माझीच चिठ्ठी आठवली. सिप्रो नुकतेच स्वस्त झाले होते. साध्या सर्दीतापालाही मी तीन दिवसांच्या गोळ्या लिहून देत असे. रोगी खूश, मीही खूश. त्या गोळ्यांचा न पचलेला भाग कुठे जातो, असा प्रश्न मला कधी पडला नाही. नदीला गुन्हेगार ठरवण्यापूर्वी मला स्वतःची साक्ष नोंदवणे भाग आहे.

उपाय काय? विश्वेश्वरय्यांचाच: उगमाकडून सुरुवात. १९९६ च्या शासनादेशाने दोन्ही तलावांभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात मोठ्या बांधकामांना व प्रदूषक उद्योगांना अटकाव केला होता. २०२२ मध्ये ते निर्बंध उठविण्याचा आदेश निघाला. हे कवच जपले नाही तर खालचा सारा खर्च व्यर्थ आहे. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस तलावांचे दरवाजे उघडले तेव्हा नदीपात्रालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरले. १९०८ च्या त्या तारखेला दोनच दिवस उणे होते. नदीची स्मरणशक्ती आपल्याहून चांगली आहे.

दुसरे, मैलापाणी. २०२१ मध्ये शहरासाठी ३१ नवी प्रक्रिया केंद्रे मंजूर झाली, ही समाधानाची बाब आहे. काठावरचे बगीचे व फरसबंदी त्यानंतर. जखमेतला पू काढण्याआधी वरून टाके घालणारा शल्यविशारद आपण परीक्षेत नापास केला असता. आणि सुशोभीकरणासाठी काठावरील गरिबांची घरे हलवायचीच असतील, तर त्यांचे पुनर्वसन आधी आणि फरशी नंतर.

तिसरे, औषधांचे अंश. सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला. २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांचा पाठपुरावा डॉक्टरांच्या संस्थांनी करायचा नाही, तर कोणी करायचा?

आणि चौथे आपल्या टेबलावरचे. गरज नसता प्रतिजैविक लिहू नये. आपल्या रुग्णालयाचे सांडपाणी प्रक्रियेविना गटारात जात नाही ना, हे स्वतः उतरून पाहावे. मुदत संपलेल्या गोळ्या मोरीत ओतण्याऐवजी जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकाव्यात. एवढ्याने मुसी निर्मळ होणार नाही; पण आपला हात तरी तिच्या गळ्यावरून निघेल.

गेल्या पावसाळ्यात मी नातवाला ती चिंच दाखवायला नेले. त्याने झाडाकडे पाहिले, मग नाक दाबून नदीकडे पाहिले आणि विचारले, "आजोबा, ही नदी आजारी आहे का?" पन्नास वर्षे रोग्यांची नाडी पाहणाऱ्या मला त्याला 'हो' म्हणताना लाज वाटली. आपल्या पुढच्या वार्षिक संमेलनाच्या कार्यक्रमात एखादा तास या रोग्यासाठी राखून ठेवावा, एवढीच मंडळाच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे.