चुरोस : स्पेनच्या न्याहारीतील उकड

मॉलमध्ये किंवा परदेश प्रवासात तळणीचा गोड सुवास येतो, दालचिनी-साखरेत घोळलेल्या लांब कांड्या दिसतात आणि मुले हट्ट धरतात. आई-वडिलांच्या ओठांवर मात्र पहिला प्रश्न येतो, ‘यात अंडे तर नाही ना?’ विक्रेत्याला पुष्कळदा ते ठाऊक नसते आणि मुलांचा हिरमोड होतो. याच प्रश्नाचे उत्तर चुरोसच्या मायभूमीत शोधले, तर ते मोठे समाधान देणारे आहे.

स्पेनमधील पारंपरिक चुरोसला लागते ते पीठ, पाणी आणि मीठ. अंडे नाही, लोणी नाही, दूधही नाही. अंडे व लोणी घातलेले प्रकार इतरत्र, विशेषतः अमेरिकी पाककृतींत आढळतात. त्यामुळे बाहेर खाताना विचारून घेणेच योग्य. पण घरी अंड्याविना केलेले चुरोस ही तडजोड नसून तीच मूळ रीत होय.

स्पेनमध्ये चुरोस हा मुख्यतः न्याहारीचा पदार्थ. दाट, गरम चॉकलेटच्या पेल्यात बुडवून तो खातात. माद्रिद शहरातील ‘सान हिनेस’ हे चॉकलेटगृह १८९४ पासून प्रसिद्ध आहे. नववर्षाची रात्र जागवून पहाटे चुरोस खाण्याचा तेथे प्रघात आहे.

या पदार्थाच्या उगमाविषयी एक कथा सांगितली जाते. पोर्तुगीज खलाशांनी चीनमधील ‘यौत्याव’ पाहून ही कल्पना आणली म्हणे. कथा रंजक आहे, पण पुराव्याचा आधार तिला नाही. शिवाय दोहोंची कृतीही भिन्न आहे. यौत्यावचे पीठ फुगवलेले असते. त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींवर दाबून, हातांनी ताणून तळतात. चुरोसचे पीठ उकळत्या पाण्यात शिजवून साच्यातून पाडतात. सोबतच्या चॉकलेटचा प्रवास मात्र निश्चित सांगता येतो. कोकोचे पेय मेक्सिकोत प्रचलित होते. १५२१ मध्ये स्पॅनिशांनी अ‍ॅझ्टेक राजधानी जिंकली आणि पुढे ते पेय स्पेनला पोहोचले. उलट चुरोस स्पेनमधून मेक्सिकोला गेले आणि तेथे त्यांना दालचिनी-साखरेची जोड मिळाली. ती उत्तम दालचिनी मूळची आपल्या शेजारच्या श्रीलंकेची!

कृती वाचताच आपल्या गृहिणींना ती ओळखीची वाटेल, कारण ही चक्क मैद्याची उकड आहे. एक वाटी पाण्यात चिमूटभर मीठ व एक चमचा तेल घालून उकळी आणावी. गॅस बंद करून एक वाटी चाळलेला मैदा एकदम घालावा आणि गुठळी राहू न देता भराभर ढवळावे. पाच मिनिटे झाकून ठेवावे. सोसवेल इतके कोमट झाल्यावर मळून गुळगुळीत गोळा करावा. पीठ पूर्ण गार झाले की घट्ट होते व साच्यातून पडत नाही, म्हणून फार वेळ दवडू नये.

आता चकलीचा सोऱ्या काढावा आणि त्यात चांदणीचीच चकती बसवावी. ही चांदणी केवळ शोभेची नाही. तळताना पिठातील पाण्याची वाफ होते. कांडी गोल व गुळगुळीत असेल, तर बाहेरचा पापुद्रा आधी कडक होतो, वाफ आत कोंडते आणि कांडी फुटून उकळते तेल अंगावर उडू शकते. चांदणीच्या कडांमुळे कांडी सर्व बाजूंनी सारखी तळली जाते आणि हा धोका पुष्कळ कमी होतो. म्हणून हाताने वळलेल्या कांड्या किंवा कापलेल्या पिशवीतून पाडलेले गोल चुरोस टाळावेत. सोऱ्यात पीठ दाबून भरावे, हवेची पोकळी ठेवू नये. बेकिंग पावडर घालू नये. मुलांना साखरेत घोळवण्याचे काम द्यावे, कढईजवळ मात्र येऊ देऊ नये.

तेल लावलेल्या कागदावर वीतभर लांबीच्या कांड्या पाडाव्यात. तेलात टाकलेला पिठाचा कण लगेच वर आला, की एका वेळी तीन-चार कांड्या सोडाव्यात. आच मध्यम ठेवावी. मंद आचेवर तेल मुरते आणि फार प्रखर आचेवर आतून कच्चेपणा राहतो. फिकट सोनेरी रंग आल्यावर निथळून, गरम असतानाच दालचिनीपूड मिसळलेल्या साखरेत घोळवाव्यात.

चॉकलेटसाठी दोन वाट्या थंड दुधात एक चमचा कॉर्नफ्लोअर कालवून, ढवळत उकळावे. दाटसर झाले की खाली उतरवून शंभर ग्रॅम गडद चॉकलेटचे तुकडे व चवीपुरती साखर विरघळवावी.

चुरोस ताजेच खावेत. थोड्याच वेळात ते मऊ पडतात. तेव्हा लागतील तेवढेच करावेत. मुलांनी पुन्हा हट्ट धरला, तर कपाटातला सोऱ्या खाली काढावा. दिवाळीखेरीज एरवीही त्याला काम मिळेल आणि त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच हाती राहील.