गाडीरस्त्याचा चढ

हिमालयातील किंवा आल्प्समधील खिंड ओलांडणाऱ्या प्रवाशाला एका अंगाने जेवढे चढावे लागते तेवढेच बहुधा दुसऱ्या अंगाने उतरावे लागते. सह्याद्रीची घडण मात्र मुळातच निराळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे जे विस्तीर्ण पठार निर्माण झाले, त्याची पश्चिमेकडची तुटकी कड म्हणजे सह्याद्री, आणि म्हणून देशावरून येणारी वाट कृष्णेच्या किंवा नीरेच्या खोऱ्यातून जवळजवळ नकळत उंचावत घाटमाथ्यावर येते, तर कोकणातून निघालेल्या वाटेला तीच सारी उंची काही थोड्या मैलांत, एका सलग भिंतीवर वेढे घेत गाठावी लागते. या असमान रचनेची जाणीव सायकलस्वाराला जितकी स्पष्ट होते तितकी मोटारीतील प्रवाशाला होत नाही, कारण चढाचा प्रत्येक वार त्याला स्वतःच्या श्रमांनी चुकता करावा लागतो. सह्याद्रीतील निवांत घाटरस्ते सायकलला इतके मानवतात याचे कारण निसर्गशोभेत जितके आहे तितकेच ते रस्ते आखणाऱ्यांच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब येथे मांडावयाचा आहे.

घाटवाटा प्राचीन आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, आणि तेथला दगडी रांजण जकातीचे द्रव्य टाकण्यासाठी होता अशी परंपरागत समजूत आहे. महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर. तेथून वाईच्या बाजारपेठेकडे जाणारा माल पारघाटाने चढे. मराठेशाहीत अशा घाटांवर जकातीची ठाणी असत, रहदारीचा हिशेब दप्तरी नोंदला जाई आणि त्या कामाची वतने चालत आलेली असत. परंतु या सर्व वाटा पायांच्या होत्या. माणसाच्या, घोड्याच्या आणि पाठीवर गोण्या लादलेल्या बैलाच्या. वाईकडून आलेले अफझलखानाचे सैन्य १६५९ साली ज्या रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरले, ती वाट आजही पायी धुंडाळणारे लोक आहेत, आणि तिच्यावर चाक चालणे किती अशक्य होते हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

चाकाला वाट मिळाली ती १८३० साली. त्या वर्षी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटातून गाड्यांसाठी बांधलेला रस्ता खुला झाला, आणि पुणे व कोकणपट्टी यांच्या दरम्यान प्रथमच भरलेली गाडी माल न उतरवता घाट चढू लागली. येथेच आपल्या विषयाचे बीज आहे. पाठीवर ओझे घेतलेला बैल अरुंद आणि उभ्या पायवाटेनेही जातो, पण जू मानेवर घेऊन भरली गाडी ओढणाऱ्या बैलजोडीची सहनशक्ती फार लवकर संपते. तिला मधूनमधून सपाट जागी उभे राहण्याची सोय हवी, वळणाचा फेर मोठा हवा आणि चढ इतका बेताचा हवा की थांबलेली गाडी पुन्हा ओढता यावी. ज्या अभियंत्यांनी डोंगराला लांबलचक वळसे घालून हे गाडीरस्ते आखले, त्यांनी अंतर वाढवून चढ सौम्य केला, आणि बैलाच्या सोईसाठी केलेली ती तडजोड पुढे सायकल चालवणाऱ्या माणसाच्या शरीराला बरोबर लागू पडली.

पुढे १८६३ मध्ये बोरघाटाची रेल्वे झाली, तिचा सर्वांत तीव्र चढ सदतीस फुटांना एक फूट. व्यापाराचा ओघ लोहमार्गाकडे वळला, आणि अखेर २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर तर सायकलला मज्जावच आहे. ज्या घाटांच्या वाट्याला ना रेल्वे आली ना मोठा महामार्ग, ते मात्र आपल्या जुन्या आखणीसह मागे राहिले.

त्यांपैकी पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट मला सर्वांत श्रेष्ठ वाटतो. मुंबई इलाख्याचे १८६७ ते १८७२ या काळातील गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचे नाव एके काळी या घाटाला होते. सावित्रीच्या खोऱ्यातील पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरांच्या आसपास आहे, आणि दोहोंमधले अंतर सुमारे चाळीस किलोमीटर; म्हणजे सरासरी तीस मीटरांना एक मीटर चढ. प्रत्यक्षात हा चढ दोन टप्प्यांत विभागला आहे: पहिला पोलादपूरकडून प्रतापगडाच्या खांद्यापर्यंत, मग वाडा कुंभरोशीपाशी थोडा विसावा, आणि तेथून दाट अरण्यातून महाबळेश्वरापर्यंत दुसरा. सत्तर किलो वजनाचा माणूस, सायकल आणि पाणी-सामान मिळून नव्वद किलोंचा भार धरला आणि शंभर वॅट इतकी शक्ती तो सातत्याने लावू शकतो असे मानले, तर तासाला चारशे मीटर उंची तो मिळवतो, आणि वीसास एक अशा चढावर त्याचा वेग ताशी आठ किलोमीटर पडतो. तेवढी शक्ती नियमित सराव असलेल्या सामान्य प्रौढाच्याही आवाक्यातली आहे. म्हणजे तीन-साडेतीन तासांच्या संथ श्रमात, मागचे मोठे चक्र आणि पुढचे लहान चक्र जुळवून, पायांची गती न मोडता कोकण ते महाबळेश्वर हे अंतर कापता येते. ताशी आठ किलोमीटर हा वेग पाहण्याचा वेग आहे. त्या वेगाने जाणाऱ्याला कारवीची झुडपे आणि तिच्याखालचा ओलसर मुरूम दिसतो, जांभळाची सावली कोठे संपते व हिरड्याची कोठे सुरू होते हे कळते, आणि खालच्या वळणावर चढत असलेल्या एसटीचा आवाज ती वर येण्याच्या कितीतरी आधी ऐकू येतो.

कुंभरोशीजवळून आत वळून पार गावी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. रामवरदायिनीचे देवालय तेथे आहे, आणि कोयनेवरचा शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अद्याप वापरात आहे. १६५६ साली मोऱ्यांकडून महाराजांनी घेतलेली जावळी ती हीच. एवढ्या निबिड खोऱ्यावर ताबा असणे म्हणजे कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या किल्ल्या कमरेला असणे होय, ही गोष्ट नकाशापेक्षा त्या पुलावर उभे राहिल्याने अधिक पटते.

भोरहून महाडकडे जाणारा वरंधा घाट आंबेनळीच्या उलट, म्हणजे कोकणात उतरण्याच्या दिशेने करावा. पंतसचिवांच्या जुन्या संस्थानातून निघालेला हा रस्ता नीरा-देवघर जलाशयाच्या काठाकाठाने पश्चिमेस सरकतो, भातखाचरे आणि विरळ वस्त्या मागे पडतात, आणि कावळ्या किल्ल्याची सोंड जेथे रस्त्यासाठी कापली आहे तेथे एकाएकी सारे कोकण पायाखाली येते. समर्थांची शिवथरघळ याच परिसरात आहे.

उतरणीबद्दल एक सूचना अत्यंत गंभीरपणे करतो. तेराशे मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मुक्त होते तिचा मोठा भाग ब्रेकच्या घर्षणातून उष्णता म्हणून बाहेर पडतो; ब्रेक सतत आवळून धरल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. ब्रेक थोडा वेळ दाबावा, सोडावा, आणि वळणात शिरण्यापूर्वीच वेग कमी करावा.

पावसाळ्यात हे घाट वर्ज्य समजावेत. महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. २०२१ च्या जुलैमध्ये आंबेनळीचा रस्ता दरडींनी जागोजाग तुटला, आणि त्याच पावसात, २२ जुलै रोजी, महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या उतारांवर माती आणि कातळ एकमेकांना इतक्या नाजूकपणे धरून आहेत, तेथे रस्ता रुंद करण्यासाठी डोंगराचा पायथा पुन्हा पुन्हा कापणे धोक्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवाळीच्या सुमारास पाऊस सरलेला असतो, नाचणी आणि वरई कापणीला आलेली असते, आणि गवताचा हिरवा रंग पिवळ्याकडे झुकू लागलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीतील पर्यटकांची गर्दी ओसरली की आठवड्यातल्या कामाच्या दिवशी पहाटे निघावे.

घाटांत बोगदे होणार, आणि ते व्हावेत. आजारी माणसाला इस्पितळात लवकर पोचवणारा रस्ता कोणी अडवू नये. परंतु बोगदा झाला म्हणजे जुना घाट निरुपयोगी ठरत नाही. पुण्याजवळच्या कात्रजला नवा बोगदा झाल्यावरही जुन्या बोगद्याकडे चढणारा रस्ता पुण्याच्या सायकलस्वारांनी आपला मानला आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावर कशेडीतही आता बोगदा झाल्याने जुन्या घाटाचा असाच विचार करण्याची वेळ आली आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याला माझी विनंती एवढीच, की असा जुना घाट दुरुस्तीच्या यादीतून वगळू नये, त्याची गटारे दर वर्षी मृगापूर्वी साफ करावीत, कठडे शाबूत ठेवावेत, आणि तो रस्ता गावकरी, गुराखी, पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी रीतसर नोंदवून ठेवावा.