दुसरा जिना पाहिलात का?

मुळशीच्या खेड्यांतील वृद्ध रुग्णांना पिरंगुटला किंवा पुण्याला दाखल करण्याची चिठ्ठी मी वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे. नातलग खर्च, विमा, डब्याची सोय विचारतात. रुग्णालयाचा दुसरा जिना कोठे आहे, हे कोणी विचारत नाही. आणि खरे सांगायचे तर मीही ते कधी सुचविले नाही.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ कोविड रुग्ण दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० नवजात बालकांचा अंत झाला होता. खाटेला खिळलेला वृद्ध आणि नवजात बालक, दोघांनाही उठून पळता येत नाही. अशा आगीत बहुधा ज्वाळांआधी धूरच जीव घेतो. शिवाय प्राणवायू साचलेल्या जागी चादर, गादी झपाट्याने पेटते.

म्हणून रुग्णाला दाखल केल्याच्या दिवशीच सोबत राहणाऱ्याने दहा मिनिटे काढावीत. खाटेपासून दोन्ही जिन्यांपर्यंत स्वतः चालून जावे. दाराला कुलूप नाही ना, वाटेत मोडक्या खाटा वा सिलिंडर नाहीत ना, हे पाहावे. सोबतीण स्वतःच सत्तरीची असेल, तर शक्यतो खालच्या मजल्यावरची खाट मागावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार, यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. त्याविषयी नम्रपणे विचारण्यात संकोच नसावा. प्राणवायू चालू असताना खाटेजवळ उदबत्ती वा निरांजन लावू नये.

धूर दिसताच परिचारिकेला हाक मारावी आणि १०१ वर कळवावे. प्राणवायूची झडप कर्मचाऱ्यांनाच बंद करू द्यावी. लिफ्ट वापरू नये. जिना उतरणे शक्य नसेल, तर रुग्णाला त्याच मजल्यावर धुरापासून दूरच्या भागात न्यावे व मधले दार बंद करावे. गरज पडल्यास दोन माणसे रुग्णाला चादरीसकट जमिनीवरून ओढत नेऊ शकतात.

यापुढे माझ्या चिठ्ठीवर औषधांच्या खाली आणखी एक ओळ असेल: दुसरा जिना पाहून ठेवावा.